शेळीच्या धड्याची सगुणा

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला तेव्हा वस्ती थोडी आणि भातशेती फार होती. शेतं संपली की खाडीपर्यंत मिठागरं लागत. शेतं आणि मिठागरं यांच्या मधोमध मारुतीचं देऊळ होतं, आणि देवळाच्या लांबलचक ओसरीत सरकारी मराठी शाळा भरत असे. आगगाडी ठाण्याला येऊ लागून एक पिढी उलटली होती. तिचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. शाळेचं मात्र अजून होतं. कामावर जाणारी माणसं वाकडी वाट करून ओसरीपाशी थांबत, पोरांचा एकसुरी गलका घटकाभर ऐकत आणि समाधानाने पुढे जात.

या शाळेवर गोविंद रघुनाथ कर्णिक नावाचे मास्तर होते. मूळचे कल्याणचे, जातीने प्रभू, अंगाने किडकिडीत, अक्षर मात्र मोत्यासारखं. पोरांवर हात उचलत नसत. त्याचं कारण दया हे होतंच, पण त्याहून मोठं कारण असं की छडी मारावी की नुसतं रागवावं हे ठरवेपर्यंत पोर आपला गुन्हा विसरून गेलेलं असे. मास्तरांना ठरवणं जमत नसे. बाजारात दोन कोळणी शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या की कुणाकडून घ्यावं या विचारात ते उभे राहत, आणि तेवढ्यात दोघींची मासळी संपून जाई. घरून निघताना त्यांच्या पत्नी द्वारकाबाई सांगत, "डाव्या हाताला जी बसली असेल तिच्याकडून घ्या, आणि मागे वळून पाहू नका." गावात कुणाला 'तू' म्हणावं आणि कुणाला 'तुम्ही' हेही त्यांचं कधी पक्कं झालं नाही, म्हणून शाळेतली पोरं सोडून ते सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणत. आगरी मंडळींना याची आधी गंमत वाटली, मग सवय झाली, आणि पुढे पुढे त्यांना मास्तर फार आवडू लागले.

मिठागरावर काळुराम नावाचा आगरी होता. त्याची बायको आवडाबाई अधूनमधून मास्तरांकडे खाडीची कोलंबी नाहीतर बोईट पाठवत असे. टोपली घेऊन यायची त्यांची मुलगी सगुणा. सहा-सात वर्षांची, नाकात मोती नाही पण नाक मात्र मोत्याच्या तयारीत उंच. ती शाळेच्या पायरीवर टोपली ठेवी आणि शेजारी स्वतः बसे. सुटी होईपर्यंत उठत नसे. एक दिवस मास्तर दुसऱ्या इयत्तेच्या पोराला पाढा विचारत होते. पोर अडखळलं, आणि पायरीवरून आवाज आला, "तेर सक अठ्ठ्याहत्तर." पुढचं सगळं त्या आवाजानेच म्हणून टाकलं, थेट तेरा दाहेपर्यंत.

मास्तर आयुष्यात प्रथमच आपण होऊन कुणाच्या घरी गेले आणि म्हणाले, "काळुराम, हिला शाळेत घाला."

मुलीच्या जातीला शाळा कशाला, असं काळुराम म्हणणार होता. पण आवडाबाई आतून म्हणाली, "घाला बाबा. घरात दिसभर पाढं म्हनते, आमचं कान किटलं. तितं म्हनेल तर लोकांचं किटतील."

अशी सगुणा पहिलीत बसली. ओसरीच्या टोकाला, पोरांपासून हातभर अंतर ठेवून. वर्षभरात पहिलीचं पुस्तक तिला पाठ झालं. मास्तर एकदा वाचून दाखवत, की तो धडा तिच्या जिभेवर. 'पाणी' मधला ण, 'शाळा' मधला ळ, सगळं मास्तरांसारखं नेमकं. घरी ती 'पानी' म्हणे आणि पुस्तक हातात आलं की 'पाणी' म्हणे, जणू ण हा पुस्तकाबरोबर मिळणारा जिन्नस होता.

संक्रांतीनंतर शाळा तपासायला डिपुटीसाहेब आले. डिपुटी गोरेपान, पोक्त, पगडीवाले गृहस्थ. शुद्ध उच्चारांचा त्यांना ध्यास. ते म्हणत, वाचन डोळ्यांनी तपासायचं नसतं, कानांनी तपासायचं असतं. म्हणून मूल वाचायला उभं राहिलं की ते खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून घेत. त्या दिवशी त्यांचं जेवण मास्तरांकडेच झालं होतं, आणि द्वारकाबाईंनी कोलंबीचं कालवण केलं होतं, त्यामुळे डोळे मिटायला त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत.

पोरांनी नेहमीप्रमाणे ण चा न आणि ळ चा ल केला. डिपुटींच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. शेवटी सगुणा उभी राहिली. मास्तर तिच्या मागेच होते. तिने पुस्तक उघडलं, दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं आणि खणखणीत सुरुवात केली.

"शेळी बांधावर गेली. बांधावर हिरवा पाला होता. शेळीने पाला खाल्ला. खाली पाणी होते. शेळी पाणी पाहून भ्याली. मालकाने शेळीस हाक मारली. शेळी मुकाट्याने घरी आली. मालकाने तिला दावे लावले."

डिपुटींच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. मास्तरांच्या कपाळावर मात्र चढल्या. कारण त्यांना मागून पुस्तक दिसत होतं, आणि पुस्तक उलटं होतं. रेघेखाली लोंबकळणारी अक्षरं रेघेवर डोकं टेकून उभी होती. सगुणाची नजर पानावरच होती. ती मोठ्या भक्तीने त्या उलट्या अक्षरांकडे बघत होती आणि एकही चूक न करता म्हणत होती.

मास्तरांनी हात पुढे केला. पुस्तक सुलटं करावं की करू नये? केलं तर मूल बावरेल. नाही केलं तर लबाडी होईल. हात तसाच हवेत राहिला, आणि धडा संपला.

डिपुटींनी डोळे उघडले. "कर्णिक," ते म्हणाले, "आगऱ्याच्या मुलीच्या तोंडात इतका स्वच्छ ण मी या जिल्ह्यात ऐकला नाही. हिला वरच्या इयत्तेत घाला." आणि शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'सगुणा काळुराम. वाचन उत्कृष्ट.'

त्या संध्याकाळी मिठागरावरच्या वस्तीत, आगरात, गूळ वाटला गेला.

मास्तर घरी आले ते जोडे न काढताच ओट्यावर बसले. द्वारकाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. म्हणाले, "पोरीला एक अक्षर ओळखता येत नाही. वर्षभर मी तिला ऐकवत होतो आणि ती ऐकत होती. वाचन काय ते तिला ठाऊकच नाही. तिला दुसरीत घातलं तर पुस्तक मोठं, धडे लांब. तेही पाठ करेल. मग तिसरीचं. असं पाठ करत करत कुठवर जाईल?"

"मग ठेवा पहिलीत."

"पण डिपुटींनी पास केलीय."

"मग घाला दुसरीत."

"पण तिला वाचता येत नाही."

द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे बघा, इतकी वर्षं तुमचं सगळं मी ठरवलं. हे मी नाही ठरवायची. शाळेतलं आहे, तुमचं तुम्ही बघा. शिमग्यानंतर नवे वर्ग बसतील. तोवर वेळ आहे."

मास्तरांना वेळ मिळणं ही फार वाईट गोष्ट होती. त्यांनी आधी ठरवायचं टाळून बघितलं: शाळा सुटल्यावर सगुणाला थांबवून अक्षरं शिकवली. जाड कागदाचे तुकडे केले, एकेकावर एकेक अक्षर काढलं. सगुणाने दुसऱ्याच दिवशी सगळी अक्षरं ओळखून दाखवली. मास्तर हरखले. मग त्यांनी तेच अक्षर पाटीवर काढलं, तर ती त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. चौकशीअंती कळलं, की 'क'च्या तुकड्याचा कोपरा दुमडलेला होता, 'म'वर शाईचा डाग होता, आणि 'स'ला द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरातला हळदीचा वास येत होता.

तेव्हा मास्तरांनी मनाचा हिय्या केला आणि काळुरामच्या घरी सांगायला गेले.

घरी त्यांचं स्वागत असं झालं की लग्नात व्याह्याचं होत नाही. घोंगडी पसरली, पाणी आलं, गूळ आला. शेजारपाजारची माणसं दारात जमली. काळुराम म्हणाला, "मास्तर, तुमचं उपकार फार झालं. बघा आता आमची पोर." त्याने कोनाड्यातून वाण्याच्या पुडीचा एक कागद काढून सगुणाच्या हातात दिला. "वाच गं."

सगुणाने तो कागद दोन्ही हातांनी धरला. "शेळी बांधावर गेली," ती म्हणाली, आणि शेवटच्या दाव्यापर्यंत थांबली नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. भिवा नावाचा म्हातारा, जो आगरातला सगळ्यांत वडीलधारा आणि सगळ्या गोष्टींचा अर्थ लावणारा होता, तो म्हणाला, "मागल्या खेपेला मिरच्यांच्या पुडीवर बी ह्येच होतं. वाणी लोकांना शेळ्यांचा भारी लळा."

मास्तरांनी तोंड उघडलं. समोर काळुराम होता, त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मास्तरांनी तोंड मिटलं. सांगायला म्हणून गेलेले मास्तर बोइटांची टोपली घेऊन परतले. द्वारकाबाईंनी टोपली बघितली आणि विळी काढली.

आता मीठखात्याची रीत अशी, की बांधावर मिठाच्या राशी तयार झाल्या की त्यांचं माप व्हायचं, आणि मापाशिवाय चिमूटभर मीठ होडीत चढवायचं नाही. मापाच्या दिवसाची एरवी दवंडी पिटत. त्या खेपेला दवंडीवाला तापाने निजला होता, म्हणून शिपायाने चौकीच्या भिंतीवर एक कागद डकवला आणि तो निघून गेला.

कागद बघून माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, मास्तरांना बोलवा. काळुराम म्हणाला, "मास्तर कशाला? घरात वाचनारी असताना?"

सगुणाला खांद्यावर बसवून आणलं. कागद भिंतीवर उंच होता, म्हणून ती खांद्यावरूनच म्हणाली. आवाज अगदी चौकीच्या पलीकडे पोचला. शेळी बांधावर गेली, पाला खाल्ला, पाणी पाहून भ्याली, मालकाने हाक मारली, घरी आली, दावं लावलं.

वाण्याच्या पुडीवर शेळी असणं वेगळं, आणि सरकारने शेळीबद्दल बोलणं वेगळं. सगळ्यांनी भिवाकडे बघितलं. भिवाने विडी विझवली.

"सरकारचं बोलनं आडून अस्तं," तो म्हणाला. "मालक म्हंजे सरकार. बांधावर शेळ्या चढतात, पाला खातात, बांध ढासळतो, खारं पानी आत शिरतं. सरकार सांगतंय, शेळ्या दाव्याला बांधा. न्हाईतर मीठ जप्त."

कुणालाच यात खोट दिसली नाही. उलट सरकारने इतकी बारीक नजर ठेवलीय याचं कौतुक वाटलं. त्या दिवसापासून आगरातली एकूण एक शेळी दाव्याला लागली. पोरं पाला तोडून आणू लागली. शेळ्या दिवसभर ओरडत राहिल्या, त्यांचं दूध आटलं, आणि आवडाबाई म्हणाली की सरकारला एक दिवस या शेळ्यांपाशी निजायला सांगा.

मापाचा दिवस उजाडला. खात्याचे साहेब, कारकून, शिपाई, तराजूवाले असे सगळे यंदा ठरवलेल्या नव्या नाक्यावर येऊन बसले. आगरातून कुणी आलं नाही. ऊन चढलं. साहेब चिडले आणि उठून पुढच्या आगराला गेले. शिपाई तेवढा तणतणत काळुरामच्या दारात आला. "तुम्ही लोकांनी साहेबांना काय समजलं? कुणी फिरकलं नाही."

"आमी हुकूम मोडला नाय," काळुराम म्हणाला. "एक बी शेळी सुटी नाय. या, बघा."

शिपायाने बघितल्या. त्याला काही उमगेना. मग बोलाचाली झाली, मग शिपायाने भिंतीवरचा कागद सर्वांसमोर वाचून दाखवला. त्यात अमुक वारी, अमुक नाक्यावर, मालकांनी हजर राहावं, एवढंच होतं. शेळीचं नाव नव्हतं.

राशी तशाच बांधावर राहिल्या. साहेब परत कधी येतील ते सांगता येत नव्हतं, आणि तोवर आळीपाळीने राशींची राखण करणं आलं. माणसं हसली, काही चिडली, बरीचशी दोन्ही करत राहिली. सगुणाला पोरांनी 'शेळी' म्हणायला सुरुवात केली. ती शाळेत यायची थांबली.

मास्तरांना हे शाळेतच कळलं. पोरांना त्यांनी पाढे म्हणायला लावलं आणि भर दुपारी उन्हातून ते काळुरामच्या घराकडे निघाले. वाटेत ते कुठे थांबले नाहीत, हे नंतर कितीतरी जणांनी लक्षात ठेवलं.

काळुराम ओट्यावर बसला होता. मास्तरांकडे त्याने बघितलं नाही. आवडाबाई आत चुलीपाशी होती. सगुणा मोरीच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बसली होती.

"काळुराम," मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले, "मला हे ठाऊक होतं. डिपुटींसमोर तिने पुस्तक उलटं धरलं होतं, ते मी पाहिलं होतं. मागे मी आलो होतो ते हेच सांगायला आलो होतो. माझ्याच्याने बोलवलं नाही."

काळुरामने आता वर बघितलं. "गोड लागलं बोईट?"

"लागलं," मास्तर म्हणाले. खोटं बोलायचं सुचलं नाही त्यांना.

आवडाबाई आतून हसली. काळुराम हसला नाही, पण त्याच्या आवाजातला पीळ जरा सुटला. "पोरगी खोटारडी निघाली, मास्तर. सगळ्या गावाला फशिवलं. मी तिला शाळेतून काढली."

तेव्हा कोपऱ्यातून सगुणा बोलली. भिंतीकडे तोंड करूनच. "मी खोटं नाय बोलले. मास्तर म्हनाले, पुस्तकात बघ आनि म्हन. मी बघलं आनि म्हनलं."

मास्तर ओट्यावर बसले. वर्षभर ते रोज हेच सांगत आले होते, याच शब्दांत. पुस्तकात बघ आणि म्हण. पोरीने एक अक्षर इकडचं तिकडे न करता त्यांचं ऐकलं होतं. तिच्या लेखी पुस्तक ही समोर धरायची वस्तू होती, जसं आरतीच्या वेळी समोर निरांजन धरतात. धरल्याशिवाय म्हणायचं नाही, एवढंच. त्या काळ्या आकृत्या काही बोलतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सगुणा," ते म्हणाले, "माझ्याबरोबर बांधावर येता?"

तिला कुणी कधी 'येता' म्हटलं नव्हतं. ती उठली.

घरामागेच मीठ पिकवायची एक कोंडी रिकामी होती. तिचा तळ चोपून गुळगुळीत केलेला, अजून ओलसर. मास्तरांनी जोडे काढले, धोतर वर खोचलं आणि काठीने त्या तळावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शेळी बांधावर गेली. मग म्हणाले, "इथे शेळीच्या धड्याची पहिली ओळ आहे. एकेका शब्दावर पाय ठेवत म्हणा."

सगुणाने पहिल्या शब्दावर पाय ठेवला, शेळी. दुसऱ्यावर, बांधावर. तिसऱ्यावर, गेली. मास्तरांनी तिला तसं पुन्हा करायला लावलं. मग तिला खाडीकडे तोंड करायला सांगितलं, काठीने पहिला शब्द पुसला आणि त्या जागी दुसरा लिहिला: मासळी.

"आता वळा. म्हणा."

तिने पाय ठेवला. "शेळी," ती म्हणाली. पुढच्या शब्दावर पाऊल टाकणार तोच थांबली. खाली वाकली. गुडघ्यांवर हात ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

"मास्तर, ही शेळी नाय."

"कशावरून?"

"शेळीच्या डोक्यावर शिंग व्हतं. हिला नाय." तिने बोटाने हवेत तिरकी मात्रा काढली. "आनि हिला दोन पाय जास्ती." मग शेवटच्या अक्षरापाशी बसून ती म्हणाली, "पन शेपूट शेळीचंच हाय. ळी हाय ना ह्ये? म्हंजे काहीतरी ळी."

"म आणि स तुम्हाला येतात," ते म्हणाले. "मवर डाग होता, आठवतं? आता डाग नाही. तरी म आहे तो. आणि हा बिनहळदीचा स."

"मा," सगुणा म्हणाली. "मा. स. ळी." मग ती सरळ उभी राहिली. "मासळी. मास्तर, मासळी कशी बांधावर जाईल?"

"जात नाही. मी खोटं लिहिलं."

सगुणा त्यांच्याकडे बघत राहिली. लिहिलेलं खोटं असू शकतं, आणि ते आपल्याला पकडता येतं, हे तिला नवीन होतं. तिला ते फार आवडलं. त्या दुपारी तिने मास्तरांकडून म्हैस, होडी, शेजारची चांदी मावशी असं जे जे सुचेल ते बांधावर चढवून घेतलं, आणि प्रत्येक वेळी अडखळत, चुकत, वैतागत ओळखलं. काठावर आवडाबाई येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे, आपण सहज आलो असं दाखवत, काळुरामही.

मास्तर चिखलाने भरलेल्या पायांनी वर आले आणि म्हणाले, "सगुणा या वर्षी पहिलीतच बसेल."

द्वारकाबाई तिथे असत्या तर त्यांना खरं वाटलं नसतं.

काळुराम म्हणाला, "लोक म्हनतील नापास झाली."

"डिपुटींनी पास केली आहे. मी ठेवून घेतोय."

आवडाबाईने हे वाक्य दोनदा तोंडात घोळवलं. "मास्तर ठेवून घेतायत," ती म्हणाली. "बरं हाय ह्ये." मग ती मुलीकडे वळली. "काय गं, चालंल ना तुला?"

सगुणाने विचार केला. "परत शेळीच?"

"परत शेळीच," मास्तर म्हणाले. "पण आता एकेक अक्षर. आणि एक काम तुम्हाला करावं लागेल. शाळा सुटताना सगळ्या शाळेचे पाढे तुम्ही सांगायचे. दुसरी, तिसरी, सगळ्यांनी तुमच्या मागून म्हणायचं."

"तिसरीनी पन?"

"तिसरीने पण."

"मग चालंल," सगुणा म्हणाली.

शिमगा झाला, नवे वर्ग बसले. आवडाबाई बाजारात बसायची तिथे तिने सांगायला सुरुवात केली, की पोर पास झाली पण मास्तरांचा जीव तिच्यात असा गुंतला की ते वरच्या वर्गात सोडायलाच तयार नाहीत. म्हणाले, हिला आणखी एक वर्ष आपल्या हाताखाली राहू दे. हे आगरात पसरलं आणि त्याचा परिणाम भलताच झाला. चार दिवसांनी भिवा नातवाला घेऊन शाळेत आला. नातू दुसरीत गेला होता, चांगला वाचत होता.

"ह्याला बी ठेवून घ्या," भिवा म्हणाला.

"अहो, तो हुशार आहे. त्याला वर जाऊ द्या."

"काळुरामच्या पोरीला ठेवलीत. आमच्या पोरात काय कमी हाय?"

त्यामागून आणखी दोघे आले. त्यातला एक रागावूनच आला होता. मास्तरांनी प्रत्येकाला बसवून समजावलं, प्रत्येकाला 'नाही' म्हटलं, आणि संध्याकाळी घरी येऊन द्वारकाबाईंना म्हणाले, "आज मी तीन माणसांना नाही म्हटलं." द्वारकाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

सगुणाचं ते वर्ष सोपं गेलं नाही. शेळीचा धडा जिभेवर इतका पक्का होता की डोळे 'शे'वर असताना जीभ दाव्यापर्यंत पोचलेली असे. मास्तर शब्द बदलून लिहीत, ओळी उलटसुलट करत. ती रडे, पाटी आपटे, पुन्हा घेई. संध्याकाळी मात्र ओसरीच्या मधोमध उभी राहून ती पाढे सांगे आणि तिच्याहून हातभर उंच पोरं तिच्या मागून म्हणत, तेव्हा तिच्या नाकाची उंची बघण्यासारखी असे. 'शेळी' म्हणणाऱ्या पोराला ती सगळ्यात अवघड, एकोणतिसाचा पाढा एकट्याला म्हणायला लावी. पोरांनी लवकरच तिला सगुणा म्हणायला सुरुवात केली.

वर्ष फिरलं आणि तेच डिपुटीसाहेब आले. सगुणाला पहिलीच्या रांगेत बघून त्यांना आश्चर्य वाटलं. "कर्णिक, ही तीच ना? हिला मी वर चढवली होती."

"होय साहेब. मी ठेवून घेतली."

"का?"

"गेल्या वर्षी तिला ऐकता येत होतं," मास्तर म्हणाले. "आता वाचता येतं."

डिपुटींना हे कोडं वाटलं. त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि हात हलवून वाचायची खूण केली. सगुणाने पुस्तक उघडलं, सुलटं धरलं, आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. मास्तरांनी मुद्दाम शेळी सोडून दुसरा धडा काढून दिला होता, जो त्यांनी तिला कधीच वाचून दाखवला नव्हता. "को... कोळी," ती म्हणाली. "कोळी हो... होडी... होडीत." एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा येत होता. एका जोडाक्षरापाशी ती इतका वेळ थांबली की डिपुटींनी एक डोळा किलकिला केला. मास्तर मागे उभे होते, दोन्ही मुठी आवळून, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की डिपुटींना ते सगळंच प्रकरण विचित्र वाटलं.

धडा संपला. डिपुटींनी मान हलवली. "उच्चार उत्तम. पण ओघ गेला, कर्णिक. गेल्या वर्षी काय सुरेख वाचत होती. जरा लक्ष द्या." शेरा लिहून ते जेवायला उठले.

मास्तर त्यांना घराकडे घेऊन जायला निघाले, तेवढ्यात मागून सगुणाने हाक मारली. शेऱ्याची वही मेजावर उघडीच होती. शाई वाळावी म्हणून तशीच ठेवली होती. सगुणा टाचा उंचावून मेजाला रेलली होती, बोट वहीवर. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"स... सगु... सगुणा," ती म्हणाली. "ह्ये माझं नाव हाय." तिने मास्तरांकडे बघितलं, मग बोट पुढे सरकवलं. "वा. च. न. सा... साधा... साधारण. मास्तर, साधारण म्हंजे?"

डिपुटी दारात जोडे घालत होते. मास्तरांनी जरा विचार केला.

"म्हणजे सगळ्यांसारखं."

सगुणाने ओसरीवरच्या पोरांकडे एक नजर टाकली. सगळ्यांसारखं असणं तिच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं, आणि ते तिला विशेष पटलं असंही नाही. "पुढल्या साली बदलू," ती म्हणाली, आणि पाटी घेऊन घरी जेवायला पळाली.

पुढच्या साली ती दुसरीत गेली, मग तिसरीत. चौथीच्या आधी तिचं लग्न कल्याणकडच्या विठ्ठलवाडीत झालं. सासरी पहिल्याच महिन्यात तिने सासऱ्याला त्याच्या शेताचा कागद वाचून दाखवला. सासरा म्हणाला, फार सावकाश वाचतेस. ती म्हणाली, सावकाशच वाचायचं असतं. भरभर वाचणाऱ्याचं मी काही ऐकत नाही.